रंध्यावरचं तिसरं नाव

मालनकाकीला नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीत इंग्रजाच्या मोहरा सापडल्या, ही बातमी मरोळच्या आमच्या चाळीत सकाळी नळापाशी जन्मली आणि दुपारी रेशनच्या दुकानापर्यंत पोचली तेव्हा मोहरांची वीट झाली होती. शेजारच्या खोलीतल्या शेवंतीवहिनीने तर ती वीट डोळ्यांनी पाहिली होती. केवढी, म्हणून विचारलं की ती हाताने अंगाच्या साबणाएवढी दाखवायची आणि वर सांगायची, नवा साबण, वापरलेला नव्हे. दुसरी बातमी हळू आवाजात सांगायची होती. मोहरा-बिहरा काही नाही, बाईने पैशासाठी मेलेल्या नवऱ्याचं नाव तासून काढलं, तेही स्वतःच्या हाताने, आणि मग हात धुऊन पाहुण्यांना चहा केला.

मोहरांचं आधी उरकून टाकू. त्या पेटीत होत्या चार पटाश्या, एक हातकरवत, काटकोन बघायचा एक गुण्या, लाकडी मोगरी आणि तेला-घामाने काळाकुट्ट पडलेला हातभर लांबीचा लाकडी रंधा. वीट नाही आणि साबणही नाही. दुसऱ्या बातमीचं मात्र असं एका दमात उरकत नाही. तिच्यात नाव खरं आहे, पटाशी खरी आहे, पैसेही खरे आहेत. चहासुद्धा झाला होता. फक्त कोणी काय तासलं तेवढं चाळीने आपल्या सोयीने लावून घेतलं.

मालन मेस्त्री कणकवलीकडची. लग्न होऊन छप्पन साली मुंबईला आली, त्याला आता तीस वर्षं झाली. पण या तीस वर्षांत मुंबईला मालवणी शिकावी लागली, तिने मुंबईची भाषा काही शिकून घेतली नाही. बँकेतला मद्रासी कारकून, इस्त्रीवाला भय्या, पोस्टमन, सगळ्यांशी एकच भाषा. कोणाला कळलं नाही तर ती तेच वाक्य पुन्हा म्हणते, फक्त मोठ्याने. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत समोरच्याला कळतं.

तिचा नवरा काशीराम परळच्या एका गिरणीत सुतारखात्यात होता. संप झाला, गिरणी गेली, तेव्हा गिरणीबरोबर तो गेला नाही. पेटी उचलून मरोळला घरी आला आणि रोजंदारीवर लोकांच्या बंगल्यांच्या खिडक्या करायला लागला. पस्तीस रुपये रोज, चहा त्यांचा, विडी आपली. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो वारला. पेटी खाटेखाली सरकवली ती वर्षातून एकदाच बाहेर यायची, दसऱ्याला. पूजा झाली की परत आत. बाईने कधी तिची धूळही झटकली नाही. शेवंतीवहिनी याला आळस म्हणायची.

स्वतः मालन इंडस्ट्रियल इस्टेटीत विजेच्या बटणांच्या कंपनीत पॅकिंगला होती. एका खोक्यात बारा बटणं. आठ वर्षांत बाराची तेरा झाली नाहीत आणि अकराही झाली नाहीत. शहाऐंशीच्या गणपतीनंतर मॅनेजरने सगळ्या बायकांना गोळा करून, टाय सैल करत सांगितलं की कंपनी दिवाळीपासून वापीला जातेय, जिला यायचं असेल तिने खुशाल यावं, आपण सगळी एक फॅमिली आहोत. मालनने त्याला विचारलं की वापीला नळाला पाणी किती वाजता येतं. फॅमिलीने घड्याळ बघितलं. मीटिंग तिथेच संपली.

म्हणजे दिवाळीनंतर हाताला काम नाही. मुलगा जयवंत सव्वीस वर्षांचा, व्हिडिओ लायब्ररीत कॅसेटी पोचवायचा आणि प्रत्येक कॅसेट पोचवण्याआधी बघायचा, त्यामुळे त्याला जगातलं सगळं माहीत होतं आणि पगार मात्र एकट्यालाही पुरत नव्हता. पण मालनने डोक्यात एक गोष्ट पक्की केली होती. पिको-फॉलचं मशीन. मरोळमध्ये साड्या नेसणाऱ्या बायका हजारो, आणि साडीला फॉल लावायला, कडेला पिको मारायला जायचं थेट अंधेरी स्टेशनला. स्टेशनजवळच्या दुकानात तिने मशीन बघून ठेवलं, चालवून ठेवलं, दुकानदाराच्या बायकोच्या साडीला फुकट पिको मारून दाखवला. किंमत तीन हजार चारशे. तिच्याकडे होते चारशे. मशीन आलं तर बाई उभी राहणार, नाही आलं तर लोकांच्या घरी पोळ्या लाटणार. इतकी साधी गोष्ट होती.

म्हणून दसरा झाल्यावर पहिल्या रविवारी ती पेटी जयवंतच्या खांद्यावर देऊन मरोळ नाक्यावर धोंडिराम भंगारवाल्याकडे निघाली. धोंडिराम सोलापूरकडचा, तोंडाने मऊ आणि तराजूने कडक. त्याने पेटी उघडली, पटाश्या हातात घेऊन हलवल्या, रंधा उलटा-सुलटा केला. मावशी, म्हणाला, लोखंडाला चार रुपये किलो, आणि लाकडाचं म्हणाल तर तुम्हीच मला काहीतरी द्या, कारण ते जाळायला मला रॉकेल लागंल.

त्याच वेळी दुकानाच्या आत, जुन्या नळांच्या ढिगामागे, तोंडाला पांढरा रुमाल बांधून एक गृहस्थ वाकलेले होते. श्यामसुंदर साहेब, मुलुंडचे, मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांना जुन्या हत्यारांचा नाद होता. घरी दोन खोल्या भरून करवती, रंधे, गिरमिटं होती आणि तिसऱ्या खोलीत बायको. दर रविवारी ते भंगारची दुकानं पालथी घालत. रंध्यावर त्यांची नजर पडली आणि त्यांनी तोंडातली सुपारी न चावता गिळली. मग रुमाल खाली ओढून, अगदी सहज, आभाळाकडे बघत त्यांनी करवतीचा भाव विचारला.

बोट मात्र रंध्यावर होतं.

इथे साहेबांचं चुकलं. मालनने तीस वर्षं मासळीबाजार केलाय. जिला पापलेट हवं असतं ती बाई टोपलीतल्या बांगड्यांचा भाव विचारते, हे तिला कोणी शिकवायला नको. तिने पेटीचं झाकण लावलं, जयवंतला उचल म्हणाली आणि साहेबांना एवढंच सांगितलं, "ह्यो विकूचो नाय." धोंडिरामच्या दुकानात इतक्या लवकर कोणी कधी श्रीमंत झालं नव्हतं. साहेब रुमाल खिशात कोंबत मागोमाग चाळीपर्यंत चालत आले. घामाघूम.

खोलीत खाटेवर बसून, वाटीत ओतलेला चहा फुंकत साहेबांनी भाषण केलं. साहेब बोलायचे अगदी छापील मराठी, पण दर चौथ्या शब्दाला इंग्रजीचा टेकू लागायचा, आणि तो शब्द उच्चारताना डोळे मिटायचे, देवळात मिटतात तसे. बाई, म्हणाले, जुनं ते सगळंच मोलाचं नसतं हो. आधी बघायचा मेकर. हा रंधा हॅडनचा, विलायतेतला, हे पुढच्या तोंडावर त्याचं नाव ठोकलंय. हे कारागीर मोजकेच रंधे करायचे, लोक वापरून वापरून झिजवायचे, फेकायचे, म्हणून आता जगात थोडे उरले. मग बघायचं पातं मूळचं आहे की कोणा दीडशहाण्याने बदललंय. मग बघायचा पॅटिना. इथे डोळे बराच वेळ मिटलेले राहिले. हा जो काळा थर आहे ना, हा शंभर वर्षांच्या हातांचा आहे, हा गेला की हत्यार मेलं. मालनने थर बघितला. तिला तो मळ वाटत होता, पण पाहुण्याला उलट बोलायचं नाही म्हणून तिने वाटीत आणखी चहा ओतला.

आणि शेवटचं, म्हणाले, सगळ्यात मोठं म्हणजे प्रॉव्हिनन्स. हत्यार कोणाकडून कोणाकडे आलं त्याची साखळी. कारण हल्ली बाजारात खोटे ठसे फार. मागे त्यांनी एक हॅडन घेतला होता आठशेला. जुनी हत्यारं जमवणाऱ्यांच्या मंडळात सगळ्यांना दाखवला, तर एकाने नखाने ठसा खरवडून तो कुर्ल्यात मारलेला असल्याचं सिद्ध केलं. मंडळातले लोक अजून त्यांना कुर्ला हॅडन म्हणतात. हे सांगताना मात्र त्यांनी डोळे मिटले नाहीत.

मग त्यांनी खिशातून भिंग काढून रंध्याचं तोंड वाचायला घेतलं. वर इंग्रजीत हॅडन. त्याखाली इंग्रजीत सी. रिबेलो. दोन्ही नावांच्या खोलगट अक्षरांत लाल रंग भरून घट्ट बसलेला. साहेबांनी भिंग आणखी जवळ नेलं. हा लाल भरणा, म्हणाले, रेड लेड, शिशाचा लाल. हॅडनच्या कारखान्यात सुरुवातीच्या काळात अक्षरांत भरत असावेत असा माझा तर्क होता, आज पुरावा मिळाला. आणि हा रिबेलो म्हणजे पोर्तुगीज जहाजावरचा सुतार असणार.

मालनने इथे तोंड उघडलं. तिने खोटं बोलून काही विकलं असं कोणी म्हणू नये, म्हणून हे लिहून ठेवलं पाहिजे. ती म्हणाली, "ता कुंकू आसा, साहेबांनू. आमच्या ह्येंनी लावलेला. दर दसऱ्याक." आणि रिबेलो जहाजावरचा नव्हता, म्हापशाचा कायतान होता, गिरणीत काशीरामच्या शेजारच्या बाकावर काम करायचा आणि तिने दिलेल्या डब्यातली सुकटीची आमटी निम्मी तोच संपवायचा. सत्तावन्न साली नोकरी सोडून गोव्याला जाताना रंधा काशीरामला देऊन गेला. काशीरामचं म्हणणं असं की आपल्या आधी ज्यांच्या हातात रंधा होता ते रंध्याच्या घरचे वाडवडील, आणि वाडवडिलांचा मान दसऱ्याला करायचा असतो. म्हणून खोबरेलात कुंकू कालवून तो सव्वीस दसरे हॅडनला आणि कायतानला लावत आला. स्वतःच्या नावाला लावलं नाही, जिवंत माणसाने स्वतःची पूजा करायची नसते.

साहेबांनी हे सगळं ऐकून घेतलं, लहान मुलाचं ऐकतात तसं. मग प्रेमाने समजावलं की बाई, तुमची भावना मी समजू शकतो, पण हा रेड लेड आहे.

भिंग खाली सरकलं आणि साहेबांचा चेहरा आंबट झाला. रिबेलोच्या खाली तिसरं नाव होतं, मराठीत, पटाशीने कोरलेलं. का. गु. मेस्त्री. त्यातही लाल होतं, कारण काशीराम गेल्यापासून तीन दसरे मालन तिथे कुंकू लावत होती. साहेबांनी ते बोटाने खरवडून वास घेतला. हे मात्र कुंकू आहे, म्हणाले.

एकाच डबीतलं कुंकू. वरची दोन नावं विलायती झाली आणि खालच्या नावाला तेवढा वाण्याचा वास आला.

मग भाव निघाला. असाच घेतला तर सातशे. पण हे खालचं नाव तासून, लाकूड सारखं करून दिलं तर साडेतीन हजार. हॅडन राहू दे, रिबेलो राहू दे, फक्त हे एक काढा. साहेबांचा स्वभाव वाईट नव्हता. त्यांनी ओशाळून सांगितलं की त्यांच्या मंडळात विलायतेपर्यंत पत्रव्यवहार चालतो, तिथे असली नावं म्हणजे डॅमेज धरतात. पुढच्या रविवारी येतो, तोवर ठरवा.

मालनने जिन्यापर्यंत पोचवलं आणि परत येऊन खाटेवर बसली. काशीराम या रंध्याने दिवसभर लोकांच्या खिडक्या तासायचा तेव्हा दोघांना मिळून पस्तीस रुपये. आता रंधा एकटा उरला तर साडेतीन हजार, आणि काशीरामचं नावसुद्धा सोबत नको. तिच्या लक्षात आलं की हत्याराला भाव यायला त्याचा कारागीर मेलेला लागतो, साहेबाच्या जातीचा लागतो आणि लांबचा लागतो. काशीरामने त्यातलं एकच जमवलं होतं.

जयवंतला यात अडचणच दिसेना. तो संध्याकाळी कोणाचा तरी दुसरा रंधा मागून घेऊन आला. आये, दोन मिनिटांचं काम आहे यार, वर तेल चोळू, मशीन घरात, विषय खल्लास. नावाचं काय एवढं, भिंतीवर बाबांचा फोटो आहे ना. मालनने त्याच्या हातातला रंधा काढून घेतला. "बापाशीचा नाव तासूक दोन मिनिटा लागतत. ता घालूक किती लागलेली ता माका म्हायत आसा." जयवंत उठून कॅसेटी पोचवायला गेला, म्हणजे बघायला गेला.

पण त्याने नुसती कॅसेट पाहिली नाही. लोखंडवालात ज्या उत्तराबाईंकडे तो कॅसेटी द्यायचा त्या इंटिरियर डेकोरेटर होत्या, आणि त्यांच्याकडे तो सगळं सांगून आला. बुधवारी उत्तराबाई स्वतः गाडी घेऊन चाळीत हजर. गळ्यात लाकडी मण्यांच्या माळा, पायात कोल्हापुरी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ते मात्र साहेबांनी पाहिलं असतं तर रेड लेड ठरलं असतं. उत्तराबाईंना प्रत्येक गोष्ट कित्ती वाटायची. कित्ती रॉ, कित्ती खरं, आणि खोलीतली मोरी बघून कित्ती कॉम्पॅक्ट. त्यांना रंधा नावासकट हवा होता, नाव तर पाहिजेच. जुहूच्या एका नव्या हॉटेलच्या भिंतीवर टांगायचा होता. दोन हजार देते म्हणाल्या, आणि बोट रंध्याच्या मधोमध टेकवून सांगितलं की इथे आरपार भोक पाडून स्क्रू मारू. मालनने त्यांनाही रविवारी अकराला यायला सांगितलं.

मधल्या दिवसांत चाळ खुळी झाली. माळ्यावरून, पलंगाखालून, मोरीच्या कोपऱ्यातून लोखंड बाहेर यायला लागलं. ज्याच्या आजोबांनी आयुष्यात एक खिळा ठोकला होता तोही ती हातोडी शोधू लागला. नेमके दिवाळीच्या साफसफाईचे दिवस, त्यामुळे जे सापडलं ते घासलं गेलं. रविवारी साहेब जिना चढले तर पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना लोक मांडून बसलेले. धोंडिराम भंगारवाल्याने एका जुन्या हातड्रिलला चंदेरी ऑइलपेंट मारून आणला होता, अजून ओला होता, साहेबांच्या शर्टाला लागला. शेवंतीवहिनीकडे सासऱ्याचा पितळी ओळंबा होता, गवंडी भिंतीला लावतात तो. तिने तो दोन दिवस चिंच, मीठ आणि राख लावून घासला होता. इतका चकाकत होता की त्यात साहेबांना स्वतःचं तोंड दिसलं.

साहेबांनी क्षीण आवाजात विचारलं की यावर काही लिहिलेलं होतं का. वहिनीने अभिमानाने सांगितलं, होतं ना, चांगलं इंग्रजीत लिहिलेलं होतं, सिंह पण होता एक; पण घासून घासून घालवला बघा. साहेब तिथेच पायरीवर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

आता ती तासण्याची गोष्ट. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, शेवंतीवहिनीने दारातून पाहिलं की मालन रंधा मांडीवर घेऊन, हातात बारीक पटाशी घेऊन नावाशी काहीतरी करतेय, आणि मांडीवर लाल भुगा पडलाय. एवढ्यावर वहिनीने उरलेलं सगळं स्वतः तासलं. मालन काशीरामच्या अक्षरांतलं कुंकू पटाशीच्या टोकाने काढत होती. त्याने किती खोल कोरलंय ते तिला बघायचं होतं. मेस्त्रीच्या म मध्ये नखाचं टोक आत जात होतं. हौसेने घातलेलं नाव इतकं खोल नसतं. बोट तिथे ठेवल्यावर तिला आठवलं की हे नाव हौसेचं नव्हतंच, गिरणीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यामुळे घालावं लागलं होतं. मग तिने पेटीच्या झाकणाच्या आतला पत्र्याचा कप्पा उघडला, त्यातलं काढायचं ते काढलं, परत तिन्ही नावांना खोबरेलात कालवून कुंकू लावलं आणि शांतपणे फराळाचे पोहे पाखडायला बसली.

रविवारी अकराला साहेब आणि उत्तराबाई एकाच खाटेवर दोन टोकांना बसले. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि मग एकमेकांच्या मधल्या रंध्याकडेच बघत राहिले. साहेबांनी बघितलं, नाव जिथल्या तिथे. बाई, म्हणाले, आपलं ठरलं होतं. उत्तराबाई म्हणाल्या, नाव काढायचं? हाऊ क्रूएल. साहेब म्हणाले, आणि भोक पाडायचं म्हणजे काइंडनेस का मॅडम. मालनने दोघांना चहा दिला आणि बोलायला लागली.

गिरणीत, तिने सांगितलं, कामगाराला स्वतःचं हत्यार आत न्यायचं तर ठीक, पण बाहेर काढताना फाटकावर पहारेकरी धरायचा, की हे गिरणीचं कशावरून नाही. काशीरामला या रंध्यासाठी एकदा तासभर उभं केलं होतं, चोर म्हणून. वर दोन इंग्रजी नावं आणि हा म्हणतो माझा. तेव्हा टाइमकीपरने सांगितलं की नाव घाल, तर पास मिळेल. पुढच्याच रात्रपाळीत त्याने नाव कोरलं. ते नसतं तर रंधा गिरणीतच राहिला असता आणि संपानंतर गिरणीच्या भंगाराबरोबर तुकडे होऊन गेला असता. मग तिने पदराखालून घडी घातलेला, पिवळा पडलेला गेटपास काढून साहेबांच्या हातात दिला. त्यावर गिरणीचा गोल शिक्का, काशीरामचा फोटो, तारीख अठ्ठावन्न सालची, आणि टाइपराइटरवर इंग्रजीत हत्यारांची यादी. चौथ्या ओळीत हा रंधा: हॅडन, सी. रिबेलो आणि मराठीत का. गु. मेस्त्री, अशी तीन नावं घातलेला.

साहेबांनी ती ओळ तीनदा वाचली. दर वेळी डोळे मिटायला जायचे आणि परत उघडायचे, कारण मिटले तर ओळ दिसायची नाही. अठ्ठावन्न साल. तेव्हा कुर्ल्यात कोणी खोटा हॅडन मारत नव्हतं, मारून विकणार कोणाला. मंडळात एकाच्याही रंध्याजवळ असा कागद नव्हता.

"हेच्यात तीन नावा आसत," मालन म्हणाली. "एक तासलात तर मगे ह्यो कागद खंयच्या रंध्याचो?"

 साहेबांनी कागद बघितला, रंधा बघितला, मग काशीरामचं नाव भिंगाखाली घेतलं, या वेळी वास न घेता. अक्षर फार सुबक आहे, म्हणाले. आठवड्यापूर्वी तेच अक्षर डॅमेज होतं. त्यांनी साडेतीन हजार म्हटलं. उत्तराबाईंना कागद फ्रेम करून बाजूला लावायची कल्पना सुचली आणि त्या छत्तीसशे म्हणाल्या. साहेबांनी त्यांच्या बोटाकडे बघितलं, जे परत रंध्याच्या मधोमध भोकाची जागा शोधत होतं, आणि घाईघाईने एकोणचाळीसशे म्हणून टाकलं. मालनने कप उचलले. तिची घासाघीस एवढीच.

जाताना तिने साहेबांना पुन्हा सांगितलं की वरचं लाल कुंकू आहे, आणि दसऱ्याला लावत जा, आता तिन्ही नावांना. साहेब हसून म्हणाले, बाई, रेड लेडवर कुंकू लावायचं नसतं, केमिकल रिअ‍ॅक्शन होते. रंधा टॉवेलात गुंडाळून त्यांनी छातीशी धरला आणि जिन्यावरच्या धोंडिरामच्या ओल्या ड्रिलला शर्टाची दुसरी बाजू लावून गेले. मुलुंडला मंडळाच्या बैठकीत त्यांनी काशीरामचं नाव हॅडन आणि रिबेलोच्या ओळीत वाचून दाखवलं म्हणे, आणि त्याला मास्टर क्राफ्ट्समन म्हटलं. पस्तीस रुपये रोज असताना कोणी म्हटलं नव्हतं.

मशीन सोमवारी आलं. दिवाळीच्या आधी चाळीतल्या अकरा साड्यांना पिको झाला, त्यातल्या दोन शेवंतीवहिनीच्या. वहिनीने त्या पैसे मोजून, मान खाली घालून नेल्या आणि नळावर जाऊन सांगितलं की मशीन मोहरांतूनच आलंय.

राहिली माझी पैज. चाळीतल्या सगळ्यांच्या नकला करते ती मी. शनिवारी नळावर मी मालनकाकीला छातीठोकपणे सांगितलं होतं की असले साहेब लोक मराठी नावासाठी एक पैसा जास्त देणार नाहीत. नाव राहिलं तर मशीन येत नाही, आणि मशीन आलं तर नाव राहत नाही. मी साहेबांचा आवाज काढून, डोळे मिटून, "डॅमेज" म्हणून दाखवलं. सगळा नळ हसला. काकी हसली नाही. तिने हंडा खाली ठेवला आणि विचारलं, काय लावतंस? मी म्हटलं, तू म्हणशील ते. "मगे हरलंस तर म्हयनोभर माझी नक्कल बंद. बोलून नाय, लिवून नाय." मी लगेच हो म्हटलं, कारण मला खात्री होती.

तीस दिवस मी तोंड शिवून बसले. काकी मुद्दाम रोज माझ्यासमोर इस्त्रीवाल्याशी बोलायला उभी राहायची, एकच वाक्य तीन-तीनदा. आज एकतिसावा दिवस आहे.